प्रति: थर्मोकपल असताना लेसर कशाला?

वर विचारलंय की वाहत्या वायूचं तापमान मोजायला थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) असताना लेसरचा खटाटोप कशाला. अहो, थर्मोकपल एकाच ठिकाणचं तापमान सांगतं, शिवाय प्रवाहात स्वतःच अडथळा होऊन बसतं. त्यापेक्षा नायट्रोजनच्या प्रवाहात टोल्युईन या सेंद्रिय द्रवाची थोडी वाफ मिसळायची आणि २६६ नॅनोमीटरच्या लेसर-प्रकाशाचा पातळ पडदा त्यातून सोडायचा, म्हणजे ती वाफ चमकते. तापमान वाढलं की ही चमक झपाट्याने घटते आणि तिचा वर्णपट (तिच्यातल्या तरंगलांबींची विभागणी) लांब तरंगलांबीकडे सरकतो. म्हणून दोन वेगळे फिल्टर लावून दोन प्रतिमा घ्यायच्या नि त्यांच्यातल्या चमकेचं गुणोत्तर काढायचं, त्यावरून जागोजागचं तापमान कळतं. लेसर कुठे कमी-जास्त पडला, वाफ कुठे दाट-विरळ होती, हे बरंचसं कटून जातं. दोन्ही प्रतिमा पिक्सेलला पिक्सेल जुळवणं मात्र खरी डोकेदुखी! आणि हवेत हाच प्रयोग करायला जाल तर ऑक्सिजन बरीचशी चमक गिळून टाकतो. तिथे टोल्युईनऐवजी ॲसिटोनची वाफ बरी.