सातवीच्या वर्गात हात वर का जात नाहीत? या वयाच्या मुलांना शिकवणे परिणामकारक कशामुळे होते?

प्रश्न (गणिताच्या शिक्षिका)

नमस्कार. आठ वर्षे तिसरी-चौथीला शिकवल्यानंतर यंदा माझ्याकडे सहावी ते आठवीचे गणित आले आहे. विषयाची तयारी मी मनापासून केली आहे, तरीही अडचण भलत्याच ठिकाणी येते आहे. चौथीच्या वर्गात माझा प्रश्न पुरा होण्याआधी "बाई, मी सांगू?" असा गलका व्हायचा. सातवीत प्रश्न विचारला की शांतता पसरते, आणि ज्यांना उत्तर येते याची मला खात्री असते तीही मुले वहीत डोके घालून बसतात.

गेल्या आठवड्यात एका मुलीला मी फळ्याजवळ बोलावले. १/२ आणि १/३ यांची बेरीज करायची होती. तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ असे उत्तर लिहिले. मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. तिने तळहाताने उत्तर पुसले, खडू जागेवर ठेवला आणि मी काही बोलण्याआधीच ती बाकावर जाऊन बसली. मी बरोबर रीत फळ्यावर मांडून पुढे गेले, पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे बघत नाही. वर्ग कडक ठेवा, गट करून बसवा, चाचण्या वाढवा असे सल्ले मला भरपूर मिळाले आहेत. मला मात्र त्यामागचे कारण समजून घ्यायचे आहे. या वयात नेमके काय बदलते, आणि त्याला धरून शिकवायचे म्हणजे रोजच्या तासात काय करायचे?

प्रतिसाद १ (विज्ञानाच्या शिक्षिका, अठरा वर्षे सहावी ते आठवी)

ताई, त्या मुलीने पुसले ते केवळ उत्तर नव्हते, हे आपल्या लक्षात आलेच आहे, म्हणून थेट कारणाकडे येते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली या वयाबद्दल 'काल्पनिक प्रेक्षक' अशी कल्पना मांडली. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलाला दुसऱ्याच्या मनातले विचार कल्पनेने उभे करता येऊ लागतात, आणि सगळे आपल्याकडेच बघत आहेत असे त्याला सतत वाटत राहते. म्हणजे ज्या वाढीमुळे ते अधिक खोल विचार करू शकते, तीच वाढ त्याला चारचौघांत चुकण्याची भीती घालते. चौथीतल्या मुलाला उत्तर चुकले एवढेच कळते, तर सातवीतल्या मुलाला ते चुकताना कोणी कोणी पाहिले हेही कळते. म्हणून माझा अनुभव असा आहे की या वर्गात पहिला विचार लोकांसमोर करायला लावू नये. विचार मात्र प्रत्येकाकडून करवून घ्यावाच, त्यात सूट देऊ नये.

माझ्या तासातले एक उदाहरण सांगते. घट्ट बंद केलेल्या पिशवीत बर्फाचा खडा ठेवून मी ती तराजूवर ठेवते आणि विचारते, "बर्फ पूर्ण वितळल्यावर वजन वाढेल, घटेल की तेवढेच राहील?" कोणीही हात वर करायचा नाही. प्रत्येकाने आपला अंदाज आणि एका वाक्यात कारण वहीत लिहायचे, त्यासाठी दोन मिनिटे. नंतर शेजाऱ्याला वाचून दाखवायचे. त्यानंतर मी एखाद्याला विचारते ते असे: "तुमच्या जोडीत कोणते कारण पुढे आले?" आता उत्तर दोघांचे असते, त्याचा भार वाटला गेलेला असतो, आणि सहा महिने तोंड न उघडलेली मुलेही बोलतात. दरवर्षी निम्म्याच्या आसपास मुले वजन घटेल असे लिहितात. तराजूचा काटा हलत नाही तेव्हा चुकलेला कोणी एकटा पडत नाही, आणि मग "असे का?" हा प्रश्न सगळ्या वर्गाचा होतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात असे दिसले. तो अवकाश तीन सेकंदांच्या पुढे नेला की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली आणि अधिक मुले आपणहून बोलू लागली. मुलाचे उत्तर संपल्यावरही तेवढेच थांबायचे असते, आणि ते अधिक अवघड जाते, कारण "बरोबर" हा शब्द आपल्या ओठांवर तयार असतो. मी सुरुवातीला टेबलाखाली बोटे मोजत असे.

हसण्याबद्दल एकच सांगते. त्या क्षणी तास थांबवून, "या वर्गात चुकीला हसले जाणार नाही" हे शांतपणे आणि प्रत्येक वेळी म्हणावे लागते. एकदा सांगून ते रुजत नाही.

प्रतिसाद २ (भाषा शिक्षक)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी वह्यांबद्दल लिहितो, कारण ज्या मुलांशी वर्गात संवाद तुटतो त्यांच्याशी तो वहीतून पुन्हा जोडता येतो.

रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण दिले आणि काहींना शेरा व गुण दोन्ही दिले. नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि कामातला रस पुढे सरस राहिला. आश्चर्य असे की दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही. गुण दिसले की मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि शेरा वाचायचा राहून जातो, असे मी माझ्याही वर्गात पाहिले आहे. म्हणून निबंधाच्या पहिल्या खर्ड्यावर मी गुण घालत नाही. ते दुसऱ्या खर्ड्यावर घालतो.

शेरा कसा असावा, हेही महत्त्वाचे आहे. "छान", "अक्षर सुधार", "लक्ष दे" यातून पुढे काय करायचे ते मुलाला कळत नाही. आपल्या विद्यार्थिनीच्या वहीत मी लिहिले असते: "२/५ ही संख्या १/२ पेक्षा मोठी आहे की लहान? संख्यारेषेवर दोन्ही दाखव आणि मग बेरीज पुन्हा करून बघ." अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे आले, हे तिचे तिलाच दिसेल, आणि तेही कोणी बघत नसताना. त्याखाली आणखी एक ओळ लिहावी. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर सूचनांसोबत एक चिठ्ठी जोडली होती. माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकशील हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना देत आहे, असा तिचा आशय होता. शिक्षकांवर ज्यांचा विश्वास कमी होता, त्या मुलांमध्ये निबंध सुधारून पुन्हा देण्याचे प्रमाण त्या एका चिठ्ठीने बरेच वाढले. मात्र ही ओळ खरी वाटूनच लिहावी. या वयाची मुले खोटी स्तुती लगेच ओळखतात.

प्रतिसाद ३ (निवृत्त मुख्याध्यापक)

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण मला एक काळजी नोंदवावीशी वाटते. मुलांना जपण्याच्या नादात आपण पुष्कळदा काम सोपे करून टाकतो, आणि या वयाला ते सर्वांत अपमानास्पद वाटते. ज्याँ पियाजे यांनी साधारण अकरा-बारा वर्षांपासून अमूर्त आणि 'जर-तर' स्वरूपाचा विचार सुरू होतो असे मांडले. तो सर्व मुलांत एकदम येत नाही आणि सर्व विषयांत सारखा येत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. पण ज्या वयात तो उमलतो, त्याच वयात आपण रिकाम्या जागा भरायला आणि उदाहरणे उतरवून घ्यायला लावले, तर वर्ग गप्प राहण्याचे एक कारण कंटाळा हेही असते.

आठवीत (अ + ब)² = अ² + ब² ही चूक घरोघरची आहे. ती दुरुस्त करून देण्याऐवजी मी अ ला ३ आणि ब ला ४ घालून पाहायला सांगत असे. एका बाजूला ४९ आणि दुसऱ्या बाजूला २५. मग विचारत असे, "उरलेले २४ गेले कुठे?" कागदाचा चौरस कापून ३ गुणिले ४ चे दोन आयत हाती लागेपर्यंत मी उत्तर देत नसे. त्या वेळी हात वर येत, कारण प्रश्न त्यांच्या बुद्धीच्या तोडीचा असे.

उजळणीबद्दलही लिहितो. मार्क मॅकडॅनिएल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली आठवीच्या विज्ञानाच्या वर्गात दाखवून दिले की छोट्या, गुणांचे फारसे दडपण नसलेल्या चाचण्यांत विचारलेला भाग मुलांना पुढच्या परीक्षेत अधिक चांगला येतो. धडा पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून लिहिण्याने स्मरण पक्के होते. तासाच्या आरंभी गेल्या आठवड्यातले तीन प्रश्न द्यावेत, मुलांनी आपले आपण तपासावेत, आणि गुणांची नोंद करू नये.

एक गोष्ट मात्र शिक्षकाच्या एकट्याच्या हातातली नाही. जॅकलिन एक्लेस आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली असे मांडले की मुलाला स्वतः निर्णय घ्यावासा वाटतो, त्याच वयात शाळा अधिक नियंत्रण करू लागते. मोठ्या माणसाचा आधार हवा असतो, तेव्हा विषयागणिक शिक्षक बदलतात आणि जवळून ओळखणारे कोणी उरत नाही. मी मुख्याध्यापक असताना एकाच शिक्षकाने तीच तुकडी सहावी ते आठवी सलग तीन वर्षे सांभाळावी अशी व्यवस्था केली होती. वेळापत्रक जुळवताना फार ओढाताण झाली, तरी तो निर्णय मी पुन्हा घेईन.

प्रतिसाद ४ (शालेय समुपदेशक)

थोडक्यात भर घालते. पहिल्या तासाची शांतता आणि चौथ्या तासाची शांतता वेगळी असू शकते. वयात येताना झोपेचे शारीरिक घड्याळ मागे सरकते, म्हणजे झोप उशिरा येते, हे मेरी कार्सकॅडन यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. गरज मात्र फारशी कमी होत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी असते. पेंगणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी तो किती वाजता झोपतो, हे विचारावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुख्याध्यापक सर, आपली सूचना मला विशेष लागली, कारण शांततेला घाबरून मी खरोखरच प्रश्न सोपे करत गेले होते.

गेले दोन आठवडे 'आधी वहीत, मग जोडीत, मग वर्गात' हा क्रम पाळला. तीन सेकंद थांबणे मला अजून साधलेले नाही, दुसऱ्या सेकंदाला मी बोलून जाते. त्या मुलीच्या वहीत संख्यारेषेचा प्रश्न लिहिला होता. परवा वही परत आली, तेव्हा तिने १/२ आणि २/५ दोन्ही बिंदू दाखवून बेरीज ५/६ अशी दुरुस्त केली होती आणि खाली पेन्सिलीने लिहिले होते, "बाई, मग छेदांची बेरीज कधीच करायची नसते का? गुणाकारात तर छेदांचा गुणाकार करतो." हा प्रश्न तिच्या परवानगीने, नाव न सांगता, उद्या फळ्यावर लिहिणार आहे. आपल्यापैकी कोणी तो आयतांच्या आकृतीने शिकवत असल्यास कसा शिकवता, ते कृपया लिहावे.