हिरड्यांचे उपचार: डेंटिस्टचं काम की हायजिनिस्टचं?

तिरीप:

माझ्या हिरड्यांवर सात वर्षं उपचार चालू आहेत. 'चालू आहेत' असं मुद्दाम लिहिते आहे. पायोरिया बरा होऊन संपत नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो, हे मला फार उशिरा कळलं.

त्याआधी दहा वर्षं मी दरवर्षी न चुकता दात साफ करून घेत होते. वीस मिनिटांत काम व्हायचं. "थोडं रक्त येतंय, ब्रश नीट करा" एवढं सांगून मला घरी पाठवायचे. त्या दहा वर्षांत एकदाही कुणी हिरडीत प्रोब (मापाच्या खुणा असलेली बारीक सळई) घालून मोजमाप घेतलं नाही. मग वरची एक दाढ हलायला लागली. एक्स-रे काढला तर मुळाभोवतालचं निम्मं हाड गेलेलं होतं. गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

पुढचे उपचार एका डेंटल हायजिनिस्टने, म्हणजे दात-हिरड्यांच्या सफाईचं आणि निगेचं शिक्षण घेतलेल्या, डेंटिस्ट नसलेल्या बाईने केले. पहिल्या दिवशी तिने साफसफाईला हातच लावला नाही. प्रत्येक दाताच्या सहा जागी पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीची, खोली मोजली आणि आकडे मोठ्याने वाचले. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. माझ्याकडे सहा, सात, एका ठिकाणी आठ निघाले. मग माझ्या हातात आरसा दिला, दातांच्या फटींत जाणारे छोटे ब्रश दिले आणि कुठल्या फटीत कोणत्या मापाचा जातो ते माझ्याकडूनच करून घेतलं. त्यानंतर चार खेपांत, भूल देऊन, हिरडीखालची मुळं साफ केली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक आकडे चारवर किंवा त्याखाली आले होते. दोन जागा सहावर अडल्या, म्हणून तिने मला हिरडीतज्ज्ञाकडे पाठवलं आणि तिथे फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून आतली सफाई) झाली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी जाते. ती दाढ अजून माझ्या तोंडात आहे.

माझं मत असं: मोजमाप, मुळांची सफाई, शिकवणं आणि पुढची राखण ही सगळी जबाबदारी हायजिनिस्टची असावी. तिला तिचा पुरता वेळ मिळावा, आणि पेशंटला थेट तिच्याकडे जाता यावं. स्वीडनमध्ये कार्लस्टाड इथे १९७१-७२ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात हायजिनिस्ट लोकांना पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी, मग दर तीन महिन्यांनी बोलवत होत्या, पुढे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. तीस वर्षांनी पाहिलं तर माणशी गेलेल्या दातांची सरासरी वयोगटानुसार ०.४ ते १.८ होती. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

बत्तिशी:

मी डेंटिस्ट आहे. तुमची ती दहा वर्षं वाचून वाईट वाटलं, आणि तो दोष आमच्या पेशाचा आहे हे मान्य करतो. पण तुमचा निष्कर्ष मला पटत नाही.

पॉकेट खोल म्हणजे पायोरियाच, असं नसतं. बाकी सगळीकडे दोन-तीन आणि एकाच दाताच्या एकाच बाजूला नऊ मिलिमीटर, असं दिसलं की मला आधी मूळ उभं तडकल्याची शंका येते. कधी आतली नस मेलेली असते आणि पू हिरडीच्या वाटेने बाहेर पडत असतो. तिथे मूळ खरवडत बसलं तर वेळ जातो, आणि रूट कॅनालने सुटलं असतं ते दुखणं वाढतं. सुजलेल्या हिरड्यांमागे फिटच्या किंवा ब्लडप्रेशरच्या गोळ्या असू शकतात. क्वचित रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूण हिरडीवरच दिसते. हे ओळखायला एक्स-रे वाचावे लागतात, औषधांची यादी तपासावी लागते, दाताला थंड लावून नस जिवंत आहे का पाहावं लागतं.

आणि ज्या कार्लस्टाडचा दाखला तुम्ही दिलात, तिथे जे थोडे दात गेले त्यांचं मुख्य कारण मूळ तडकणं हेच होतं. हिरड्या उत्तम राखल्या तरी दाताची बाकीची दुखणी बघायला डेंटिस्ट लागतोच.

आकडेमोड:

माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही दोघंही नेमाने सफाई करणं उपयोगाचंच आहे असं धरून चालला आहात. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते; तिचा २०१८ चा आढावा सांगतो की गंभीर पायोरिया नसलेल्या आणि नियमित तपासणीला जाणाऱ्या प्रौढांमध्ये ठरावीक मुदतीने स्केलिंग-पॉलिशिंग (कीटण काढून दात घासून चकचकीत करणं) केलं काय, न केलं काय, दोन-तीन वर्षांत हिरड्यांची सूज किंवा पॉकेटची खोली यांत जवळजवळ फरक पडत नाही. मग हायजिनिस्टची संख्या आणि अधिकार वाढवून आपण काय मिळवणार? निरोगी लोकांचे दात आणखी चकचकीत करणार?

तिरीप:

आकडेमोड, तो आढावा मीही वाचला आहे. तो माझ्या बाजूने जातो. निरोगी माणसाचं पॉलिशिंग आणि माझ्यासारखीच्या सात मिलिमीटर खोल मुळाची सफाई ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्हींना आपण 'क्लीनिंग' म्हणतो. मला दहा वर्षं पहिलं मिळत राहिलं, गरज दुसऱ्याची होती. मोजलंच नाही तर दोन्हींतला फरक कळणार कसा?

बत्तिशी, एकट्या खोल पॉकेटचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, तो मान्य. पण अशी जागा दिसली की पुढे पाठवायची, हे शिकलेल्या हायजिनिस्टला कळत नाही का?

साधा वाचक:

चर्चा वाचतो आहे, पण माझी भीती कुणीच बोलत नाहीये. माझ्या काकूने स्केलिंग केलं आणि महिन्याभरात तिचे पुढचे दात हलायला लागले, मध्ये फटी पडल्या, गार पाणी सोसेना. आमच्या घरात तेव्हापासून कुणी दात साफ करून घेत नाही. आधी दात घट्ट होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

बत्तिशी:

साधा वाचक, तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे, कारण मात्र दुसरं आहे. वर्षानुवर्षं साठलेल्या कीटणाचा थर दातांना एकमेकांशी बांधून ठेवतो. त्याखाली हाड आधीच झिजलेलं असतं. थर काढला की दाताची खरी अवस्था उघडी पडते. फटी दिसतात त्याही तशाच. आधी तिथे कीटण भरलेलं होतं आणि हिरडी सुजून फुगलेली होती. सूज उतरली की हिरडी मागे सरते आणि मुळाचा भाग उघडा पडतो, म्हणून गार लागतं. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत कमी होतं. कीटण ठेवून दिलं असतं तर दात काही काळ घट्ट भासले असते, आणि हाड झिजतच राहिलं असतं.

पण हे काकूंना स्केलिंगच्या आधी सांगायला हवं होतं. मागाहून सांगितलेलं सबबीसारखं वाटतं, आणि एका माणसाच्या अनुभवाने सगळं घर उपचारांपासून तुटतं.

आरसा:

मी चौदा वर्षं हायजिनिस्ट म्हणून काम करते आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हिरडीखालचं कीटण डोळ्यांना दिसत नाही, ते हाताला कळतं. क्युरेटचं (मूळ खरवडायच्या हत्याराचं) टोक मुळावरून वर ओढताना खरखर लागते, गुळगुळीत झालं की आवाजही बदलतो. दाढेच्या मुळांच्या बेचक्यात आणि पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे माझ्याकडून काही ना काही मागे राहतं. कुणाच्याही हातून राहतं, डेंटिस्टच्याही. म्हणूनच तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं आणि अडलेल्या जागा सर्जरीसाठी पाठवायच्या. तिरीप यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

या कामाला वेळ लागतो. मला एका पेशंटमागे तीस मिनिटं मिळतात. त्यात मोजमाप, सफाई, नोंदी आणि हत्यारं बदलणं हे सगळं आलं. मग कात्री पहिली कशाला लागते? शिकवण्याला. आणि खरा उपचार तिथे असतो. मी तीन महिन्यांतून एकदा हात लावते, बाकी नव्वद दिवस पेशंटच्या हातात असतात. एका बाईंना फटींतला ब्रश नीट जमायला चार भेटी लागल्या. पाचव्या भेटीत रक्त आलं नाही, तेव्हा खुर्चीत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं 'तुम्ही ब्रश करत नाही' हेच ऐकलं होतं त्यांनी.

सिगारेट ओढणाऱ्यांबद्दल एक सांगते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आणि त्यांना वाटतं आपलं सगळं ठीक आहे. आत पॉकेट सात असतं. मधुमेह असेल तर पायोरिया बळावतो, आणि पायोरियावर उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्तातला आकडा) सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरतं. या गोष्टी पेशंटशी कोण बोलणार? दिवसातून पंधरा दाढा भरणाऱ्या माणसाकडे तेवढी सवड नसते.

तरी तिरीप यांच्या एका म्हणण्याशी मी सहमत नाही. निदानाचा अधिकार मला नको आहे. शंका आली की थांबायचा अधिकार हवा आहे. "अर्ध्या तासात उरकून टाक" म्हटल्यावर "यांना चार खेपा लागतील" असं म्हणता यावं आणि ते ऐकलं जावं, एवढं पुरे.

आकडेमोड:

आरसा, तुमच्या लिहिण्याने माझं पहिलं मत थोडं हललं, पण एक गोष्ट तशीच आहे. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या कामगारांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात दात घासण्याची सवयच नव्हती आणि दातांचे उपचारही नव्हते. तरीही सुमारे ११ टक्क्यांचा आजार हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. ८ टक्क्यांचा झपाट्याने वाढला. बाकीचे मध्ये होते. सगळ्यांना सारख्याच मुदतीने बोलावणं म्हणजे त्या ८ टक्क्यांचा वेळ ११ टक्क्यांवर खर्च करणं. आधी माणसं निवडा, मग हायजिनिस्टचे तास त्यांना द्या.

तिरीप:

हे मला पूर्ण पटतं. मी त्या ८ टक्क्यांतली आहे आणि माझी निवड कुणी केली नाही, हेच माझं पहिल्यापासूनचं दुखणं आहे.

आणि आरसा, तुमचं वाचून थेट जाण्याचा माझा आग्रह थोडा सैल झाला. पूर्ण सुटला नाही. ब्रिटनमध्ये मे २०१३ पासून पेशंटला डेंटिस्टची चिठ्ठी नसताना हायजिनिस्टकडे जाता येतं. ज्याला डेंटिस्टच्या खुर्चीचीच धास्ती आहे, तो निदान तिथपर्यंत तरी पोचेल.

बत्तिशी:

पोचेल, पण तिथेच थांबेल ही माझी काळजी आहे. दात स्वच्छ झाले, रक्त थांबलं, मग डेंटिस्टकडे कशाला जायचं? एक्स-रे वर्षानुवर्षं राहून जातो. वर्षातून एकदा दोघांनीही बघायचं अशी अट असेल तर मी विरोध सोडतो. त्याविना नाही.

तिरीप:

ती अट मला मान्य आहे. आता तुम्हाला सरळ विचारते, राग मानू नका. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या हिरड्या मोजल्या जातात का?

बत्तिशी:

राग कसला! सहा जागांचं सविस्तर मोजमाप प्रत्येकाचं होत नाही. टोकाला बारीक गोळा असलेला प्रोब सगळ्या दातांभोवती फिरवून तोंडाच्या सहा भागांना ० ते ४ असा कोड द्यायचा, याला दोन-तीन मिनिटं लागतात. ३ किंवा ४ आला की पुढचं सविस्तर मोजमाप. नव्या पेशंटचं मी हे नेहमी करतो. जुन्या पेशंटचं गर्दीच्या दिवशी राहून जातं. तुमचा धागा वाचल्यावर काल कागद काढून बसलो. ज्यांचा कोड दोन वर्षांत घेतलाच नाही अशी नावं माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. त्यांना बोलावणार आहे.

साधा वाचक:

काकूची वेळ घेतली आहे. हिरड्या मोजता का आणि एक्स-रे काढता का, हे आधी फोनवर विचारलं, दोन्हींना हो म्हणाले. तिला बत्तिशी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. हलणाऱ्या दातांचं काय होईल, एवढंच ती विचारत होती. ते राहणारे असतील का?

आरसा:

पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. हाड किती उरलंय त्यावर ते अवलंबून आहे. पण सूज उतरल्यावर बरेच हलते दात थोडे घट्ट होतात, आणि फार हलत असतील तर शेजारच्या दातांना बांधूनही ठेवता येतात. पहिल्याच भेटीत काढायचा निर्णय घेऊ नका. सफाई होऊ द्या, तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या, मग ठरवा. आणि त्या घरी वापरतात तो ब्रश सोबत न्यायला सांगा.