प्रति: १८४१ आणि १८५१ च्या वयात फरक

वर विचारलंय की इंग्लंडच्या १८४१ च्या सेन्ससमधला (जनगणनेतला) ३५ वर्षांचा शेतमजूर १८५१ ला एकदम ४८ चा कसा झाला. अहो, १८४१ ला मोठ्या माणसांची वयं ५ च्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ३८ चा माणूस ३५ चाच दिसणार, तेव्हा माणूस तोच असू शकतो. जन्मगाव १८५१ पासून मिळतं, तिथून पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, रजिस्टरात मागे जा. लग्नाची नोंद सोडू नका, १८३७ नंतरच्या नोंदीत दोघांच्या वडलांची नावं अन् कामधंदा असतो, सही येत नसेल तर नुसती फुली, ती बघून खरंच गलबलून येतं. आणि सेन्ससमध्ये बायकोच्या नावापुढे कामाचा रकाना रिकामा असला तरी ती घरीच बसून होती असं धरू नका, खुरपणी, दगड वेचणं, कापणी ही हंगामी मजुरी बऱ्याचदा नोंदवलीच जायची नाही.