मदत हवी आहे: आजोबांच्या फोटोतलं लष्करी इंजिन नेमकं कोणतं?

विश्वंभर७६

नमस्कार मंडळी. इथे वाफेच्या इंजिनांतले जाणकार आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून लिहितोय. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

अण्णा, म्हणजे माझ्या आईचे वडील, कुर्डुवाडीला बार्शी लाइट या छोट्या रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागले आणि पुढे फिटर झाले. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारकडे गेली. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी ते एका ओळखीच्या माणसाबरोबर थेट पश्चिम उत्तर प्रदेशातल्या एका साखर कारखान्यात गेले. आजीला तिकडची थंडी सोसेना, म्हणून चार हंगाम करून परत आले. त्या दिवसांतला एकच फोटो घरात आहे. उसाने भरलेले छोटे डबे, पुढे बुटकं इंजिन, पायरीवर अण्णा. मागे त्यांच्या अक्षरात: 'अमेरिकन नंबर २, डिसेंबर १९५८'.

इतकी वर्षं हा फोटो आमच्यासाठी अण्णांच्या मिशीसाठी प्रसिद्ध होता. गेल्या उन्हाळ्यात बहिणीकडे इंग्लंडला, मिल्टन कीन्सला गेलो होतो. तिच्या घराजवळच लेटन बझर्ड नावाच्या गावी दोन फुटी रुळांची हौशी लोकांनी जपलेली रेल्वे आहे. भाच्याला घेऊन गेलो आणि शेडसमोर थबकलोच. तेच बुटकं इंजिन! पुढे चार लहान चाकं, मग सहा मोठी, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या. नंबर ७७८. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीने १९१७ मध्ये ब्रिटिश लष्करासाठी बांधलेलं. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं की हे भारतातून, साखर कारखान्यातूनच परत आणलंय. मी फोनमधला अण्णांचा फोटो दाखवला, तर त्यांनी मला चहा पाजला.

परत आल्यावर वाचत सुटलो. लष्करी इंजिन म्हणजे चिलखत घातलेलं काहीतरी असेल अशी माझी समजूत होती. तसं काही नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सॉमच्या लढाईनंतर ब्रिटिशांना कळून चुकलं की चिखलात लॉऱ्या आणि घोडे तोफगोळे पोचवू शकत नाहीत. फ्रेंच आणि जर्मन तोवर ६० सेंटिमीटरचे हलके रूळ वापरतच होते. मग ब्रिटिशांनीही तसे रूळ टाकले. इंग्लंडातले कारखाने आधीच कामात बुडालेले, म्हणून ऑर्डर अमेरिकेला गेली आणि बाल्डविनने अशी ४९५ इंजिनं बांधून दिली. वजन साडेचौदा टन. गंमत म्हणजे ही इंजिनं अगदी आघाडीपर्यंत जात नसत. दिवसा धूर आणि रात्री भट्टीचा उजेड, म्हणजे शत्रूच्या तोफांना आयता नेम. शेवटचे काही मैल पेट्रोलवर चालणारे छोटे ट्रॅक्टर डबे ओढत.

युद्ध संपल्यावर सगळा माल विकायला काढला. काही इंजिनं इंग्लंड-वेल्समधल्या छोट्या रेल्वेंनी घेतली. डर्बीशायरच्या अ‍ॅशोव्हर लाइट रेल्वेने तर सहा घेतली आणि मालकाच्या मुलांची नावं त्यांना दिली. त्यातलं एकही आज नाही, सगळी भंगारात गेली. भारतात आलेली मात्र ऊस ओढत तगली. वर्षातले काही महिने काम, बाकी वेळ शेडमध्ये विश्रांती, आणि दुरुस्तीला घरचेच फिटर. अण्णांसारखे.

आता मूळ प्रश्न. अण्णांचं 'नंबर २' हे त्या ४९५ पैकी कोणतं, आणि ते आज कुठे उभं आहे का? हाताशी असलेलं एवढंच:

फोटोत टाकीवर फक्त '२' रंगवलाय, जुना नंबर नाही. धुरपेटीच्या, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या भागाच्या, बाजूला गोल पाटीची जागा दिसते, पाटी गायब. अण्णांच्या खिशातल्या डायरीत या इंजिनाचं एक पान आहे. त्यावर 'सिलिंडर ९, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) १२' अशी इंचांतली मापं आहेत. चाकं फिरवणाऱ्या डाव्या रॉडवरचा आकडा '७?४' असा टिपलाय, मधल्या अंकावर तेलाचा डाग. उजव्या रॉडवरचा आकडा वेगळाच आहे, त्याची सुरुवात ६ ने होते. सगळ्यात खाली '१०-१२-डी' आणि पुढे काहीतरी. मी ती १० डिसेंबर अशी तारीख धरली.

कारखान्याला पत्र लिहिलं, फोन केले. जुनी रजिस्टरं रद्दीत गेली, एवढंच उत्तर मिळालं, तेही तिसऱ्या फोनला. नाव लिहीत नाही, त्यांचाही इलाज नसेल.

---

इन्ना_सोलापूर

फोटो टाका की राव! आणि हे माथेरानचं तर नाही ना? तेही दोन फुटी.

विश्वंभर७६

फोटो आईच्या परवानगीने टाकतो. नाही, माथेरानची जर्मन, ओरेन्स्टाइन-कॉपेलची. तिथे पुढची चार लहान चाकं नाहीतच. पण बघा, माथेरानचं ७४० नंबरचं इंजिनही त्याच लेटन बझर्डला पोचलंय. आपलं अर्धं नॅरोगेज तिथेच राहायला गेलं की काय असं वाटतं.

रुळखडी

विश्वंभरराव, आधी एक थंड पाण्याचा तांब्या ओततो. रॉडवरच्या आकड्यावरून इंजिन ठरवू नका. एका मालकाकडे एकाच जातीची दोन-तीन इंजिनं असली की तिसऱ्या हंगामापासून त्यांचे रॉड, चाकं, बॉयलरसुद्धा अदलाबदल होतात. गाळप चालू असताना गव्हाणीत ऊस पोचला पाहिजे, मग कुठला रॉड कुणाचा हे कोण बघतो? तुमच्याकडे डाव्या-उजव्या बाजूला वेगळे आकडे आहेत, म्हणजे निदान एक रॉड तरी उसना. इंजिनाची ओळख सहसा चौकटीवरून, म्हणजे फ्रेमवरून धरतात, आणि तीही वादातीत नसते.

७?४ बघून ७९४ ची आशा धरू नका. ते इंजिनही भारतातून ब्रिटनला गेलंय हे खरं, म्हणूनच मोह होईल. पण मधला अंक कुठलाही असू शकतो.

कोळसा_पाणी

रुळखडी म्हणतात ते खरं, पण धाग्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. '१०-१२-डी' ही तारीख नाही!

बाल्डविनची स्वतःची वर्गवारी होती. पहिला आकडा एकूण चाकांचा. चार लहान, सहा मोठी, झाली दहा. दुसरा आकडा सिलिंडरचा, पण सरळ नाही. त्याचा निम्मा करून ३ मिळवायचे. १२ चे निम्मे ६, अधिक ३, म्हणजे ९ इंच. अण्णांनी मोजलेलं माप बघा, ९! शेवटचं 'डी' म्हणजे ओढणाऱ्या चाकांच्या तीन जोड्या. मागच्या बाजूलाही लहान चाकं असती तर मध्ये एक अपूर्णांक आला असता. त्यामुळे हे त्याच काळातलं दुसरं अमेरिकन, आल्को कंपनीचं इंजिन नव्हे, हेही त्यातच आलं. वेल्समधलं 'माउंटेनिअर' नावाचं इंजिन त्या आल्को जातीचं.

आणि महत्त्वाचं म्हणजे 'डी'च्या पुढे जे 'काहीतरी' आहे ते. बाल्डविन त्या वर्गातल्या प्रत्येक इंजिनाला अनुक्रमांक देत असे. तो कळला की कंपनीच्या नोंदींतून बांधणी क्रमांक मिळतो आणि त्यावरून लष्कराचा नंबर. बाल्डविनची जुनी तपशीलपुस्तकं अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगोलिअर ग्रंथालयात आहेत. त्यांना लिहा. पण आधी तो आकडा वाचा. पुढे नक्की काय लिहिलंय?

इन्ना_सोलापूर

बाबौ! वाचनखूण साठवली.

रुळखडी

कोळसापाणी, मानलं. फक्त एक शंका. अण्णांनी हे कुठून उतरवलं? पाटीवरून की एखाद्या भागावर ठोकलेल्या अक्षरांवरून? भागावरून असेल तर तो भागही उसना असू शकतो, वरचंच रडगाणं पुन्हा.

तोवर धीर येईल असं एक उदाहरण. इंग्लंडातल्या हन्स्लेट कंपनीने १९१६ मध्ये लष्करासाठी अशाच चाकांच्या मांडणीचं ३०३ नंबरचं इंजिन बांधलं. तेही युद्धानंतर उसाच्याच वाटेने गेलं, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला. २००५ मध्ये ते इंग्लंडला परत आलं आणि २०१८ मध्ये पुन्हा वाफेवर चाललं.

विश्वंभर७६

मंडळी, काय बोलू! तीस वर्षं ती तारीख समजून आम्ही त्या दिवशी अण्णांनी फोटो काढला असं सांगत आलो. आईला फोन केला, ती आधी हसली, मग म्हणाली, 'अरे, ते तारीख नेहमी पानाच्या वर लिहायचे, खाली नाही.' हे आधी सांगायचं ना!

रुळखडी, तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर आहे. त्या ओळीशेजारी अण्णांनी बारीक अक्षरात 'सिलिं. वर' असं लिहिलंय. म्हणजे पाटी नव्हे, सिलिंडरवरचा ठोकलेला शिक्का. सिलिंडर रॉडइतक्या सहज बदलत नसावेत असं धरून चालू का?

'डी'च्या पुढचा आकडा डायरीच्या शिवणीत गेलाय. पान दाबून धरलं की पहिला अंक ३ दिसतो, बाकीचे दोन दोऱ्याखाली. अण्णांनी डायरी स्वतःच सुतळीने शिवली होती, फिटरच्या हाताने, त्यामुळे ताणून काही होत नाही. रविवारी आई येतेय. ती म्हणाली, शिवण मीच उसवते, तू हात लावू नकोस. आकडा मिळाला की इथेच लिहितो.