कामाच्या वेळेत फोन टेबलावर नकोच!

दुपारपाळी
हिशेब, कोड, भाषांतर, मसुदा अशी सलग विचाराची कामं करणाऱ्याने फोन टेबलावर ठेवूच नये. सायलेंट किंवा पालथाही नको, थेट ड्रॉवरमध्ये. पालथा फोन लाकडावर थरथरतो आणि हात आपोआप तिकडे जातो.

दहा सेकंदांत मेसेज वाचला तर दहाच सेकंद गेले, हा हिशेब चुकीचा आहे. अर्धवट सोडलेलं काम डोक्यात रेंगाळतं आणि पुढच्या कामावरचं लक्ष खातं. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९च्या शोधनिबंधात यालाच ‘अटेन्शन रेसिड्यू’ म्हटलं.

पद्धत अशी: ११, २ आणि ५ वाजता प्रत्येकी १५ मिनिटं फोन. उठण्याआधी पुढची पायरी कागदावर एका ओळीत लिहायची, उदा. ‘ऑगस्टचा ताळा, ओळ ४२पासून’. ही ओळ नसेल तर परत आल्यावर ‘कुठे होतो’ हे शोधण्यातच वेळ जातो.

टपालवही
असहमत. हे ज्यांचं काम स्वतःच्या हातात आहे त्यांच्यासाठी ठीक. सरकारी कार्यालयात आदेशच व्हॉट्सॲपवर येतो: ‘सोबतच्या तक्त्यात माहिती आजच १२ वाजेपर्यंत सादर करावी.’ तो ११.२० ला आला आणि तुम्ही २ वाजता पाहिलात तर उत्तर कोण देणार? शिवाय ग्रुपमध्ये कोणी वाचलं हे पाठवणाऱ्याला दिसतं. सेटिंगमधून निळ्या टिका बंद केल्या तरी ग्रुपला ते लागू होत नाही. दोष कर्मचाऱ्याच्या सवयीचा नाही, व्हॉट्सॲपलाच आवक-जावक नोंदवही करून टाकल्याचा आहे.

स्क्रू_ड्रायव्हर
ड्रॉवरही नको आणि दिवसभर टुंग टुंगही नको. अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर:

साहेबांचा मेसेज आला की ती सूचना दाबून धरा आणि ‘प्राधान्य’ निवडा. मग ‘व्यत्यय आणू नका’मध्ये जाऊन संभाषणांपैकी फक्त प्राधान्याची, कॉलमध्ये फक्त तारांकित संपर्क, असं ठेवा. ‘पुन्हा कॉल करणारे’ चालू ठेवा. १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो वाजतो, म्हणजे घरून खरंच तातडीचं काही असेल तर अडत नाही. आयफोनवर हीच मुदत ३ मिनिटांची आहे. बाकीचे ग्रुप ‘नेहमीसाठी’ म्यूट आणि संग्रहित. त्यातही कुणी तुमचं नाव @ लावून घेतलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर सूचना येतेच, ‘व्यत्यय आणू नका’ चालू असताना ती फक्त वाजत नाही.

इथे लोक हमखास चुकतात: दहा जणांना प्राधान्य देतात. तिघांच्या पुढे गेलात की सगळं पूर्वीसारखंच.

दुपारपाळी
फोन तुम्ही गप्प केलात, पण कॉम्प्युटरचं काय? ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप उघडं असेल तर त्या टॅबवर कंसात (३) दिसतं, थोड्या वेळाने (४). आवाज नाही, पण नजर दर मिनिटाला त्या आकड्यावर. फोनवरच्या ‘व्यत्यय आणू नका’ने टॅबवरचा हा आकडा जात नाही, म्हणून टॅब बंदच करावा लागतो. माझा आग्रह वस्तू नजरेआड करण्याचा आहे तो यासाठीच. टपालवहींच्या मुद्द्यावर मात्र मला उत्तर नाही. तिथे तीन वेळांचा नियम चालणार नाही, हे मान्य.

कोरडा_शेंगदाणा
सगळ्या सूचना पूर्ण बंद करणंही घातकच. २०१९ साली भारतातल्या स्मार्टफोन वापरणाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगात काहींना सूचना नेहमीसारख्या, काहींना तासातासाला, काहींना दिवसात तीनदा एकत्र मिळत होत्या, तर काहींना अजिबात नाही. तीनदावाल्यांचं लक्ष जास्त लागलं, ताणही कमी झाला. अजिबात न मिळणाऱ्यांची बेचैनी मात्र वाढली, काहीतरी सुटतंय ही धास्ती. म्हणजे दुपारपाळींच्या तीन वेळा बरोबर, ड्रॉवरचं कुलूप चूक. वेळ ठरलेली असली की मनाला धीर असतो.

टपालवही
मग पाठवणाऱ्याला शिस्त लावा ना! ‘सर, एक काम होतं’ एवढंच लिहून माणूस गायब होतो. समोरचा ‘बोला’ म्हणतो, मग वाट बघतो. एका प्रश्नासाठी चार वेळा फोन हातात. एकाच मेसेजमध्ये काम काय, कधीपर्यंत हवं आणि कुणाकडे द्यायचं, हे तिन्ही आलं पाहिजे.

आदेशांसाठी वेगळा ग्रुप करा, त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. शुभ सकाळ, वाढदिवस, ‘ओके सर’ची रांग दुसऱ्या ग्रुपमध्ये. चालू मुदतीचा मेसेज वर पिन करा. पिनची मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते. आणि एक तासाच्या आत उत्तर हवं असेल तर फोन करायचा, मेसेज नाही. हा नियम कार्यालयप्रमुखाने स्वतः पाळला तरच खालचे फोन खाली ठेवतील.

स्क्रू_ड्रायव्हर
आदेशाचा ग्रुप वेगळा झाला तर माझ्या यादीत तोच एक ‘प्राधान्य’ ठेवता येईल, साहेबांचं नावही नको. पण काउंटरवर बसणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. त्याच्यासमोर माणूस उभा असतो, त्याचा फोन ड्रॉवरमध्येच बरा.