नॉरफोक ते सेंट ऑगस्टिन, आतल्या पाण्याने: दोन आठवडे पुरतील का?

जलपर्णी
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही दोघांनी एक जुनी ट्रॉलर (मुक्कामाची सोय असलेली संथ मोटरबोट) घेतली. लांबी ३४ फूट, डिझेल इंजिन एकच, तरंगायला साडेतीन फूट खोल पाणी लागतं, वेग साडेसात नॉट (ताशी सागरी मैल). बोट सध्या अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकला आहे आणि हिवाळ्याआधी ती फ्लोरिडात सेंट ऑगस्टिनला न्यायची आहे. उघड्या समुद्रात जायचं नाही, अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवेनेच, म्हणजे पूर्व किनाऱ्यालगतच्या नद्या, खाड्या आणि कालव्यांच्या आतल्या जलमार्गानेच जायचं. १ नोव्हेंबरला निघू, रजा दोन आठवड्यांची. रोज रात्री मरिनातच (बोटी बांधायच्या धक्क्यावर) मुक्काम, कारण नांगर टाकून झोपायची हिंमत अजून नाही. (नवऱ्याला आहे, मला नाही.) आजवरचा अनुभव म्हणजे चेसापीक खाडीतले शनिवार-रविवार. सेंट ऑगस्टिन ७७८ व्या मैलावर आहे, म्हणजे रोज साधारण ५६ मैल. जमेल ना? आणि मुक्काम कुठे कुठे करावेत?

मंदगती
जलपर्णी, बोटीबद्दल अभिनंदन! भागाकार बरोबर आहे, पण बेत जमणार नाही.

आधी दिलासा देतो. वॉटरवेचे मैल जमिनीवरचे आहेत, सागरी नाहीत. नॉरफोकला शून्य धरून ते मोजत जातात. तुमचे साडेसात नॉट म्हणजे ताशी साडेआठ मैलांच्या वर, त्यामुळे ५६ मैलांना कागदावर साडेसहा तास पुरतात. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि पाचच्या सुमारास अंधार पडतो. अंधारात चालवायचं नावच काढू नका. पाण्यात ओंडके असतात, खेकड्यांच्या सापळ्यांचे बोये असतात आणि तुमच्याकडे प्रॉपेलर एकच आहे. त्यात उघडणारे पूल. काही तासाच्या ठोक्याला उघडतात, पाच मिनिटं उशीर झाला की पंचावन्न मिनिटं जागच्या जागी बोट सांभाळत घिरट्या घालायच्या. शिवाय नॉर्थ कॅरोलिनात वारा पडेपर्यंत एक-दोन दिवस तरी अडकाल. तिथला आल्बेमार्ल साउंड (रुंद खाडी) उथळ आहे, वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. आम्ही हा रस्ता तीनदा केला, पन्नासच्या वर मैल सलग चार दिवस एकदाही जमले नाहीत.

माझा सल्ला: यंदा चार्ल्स्टनपर्यंतच जा, मैल ४६९. तिथे महिनाभराची जागा घेऊन बोट ठेवा, विमानाने घरी या आणि डिसेंबरात उरलेलं करा. उशीर झालाच तर बोफर्टला थांबा, मैल २०४.

अवांतर: नॉर्थ कॅरोलिनातलं ते बोफर्ट आणि साउथ कॅरोलिनातलं ब्यूफर्ट. इंग्रजी स्पेलिंग एकच. नकाशात शोधताना राज्य बघा. मी एकदा सव्वातीनशे मैल पुढची जागा बुक केली होती.

खारे_शेंगदाणे
मंदगतींना अनुमोदन. विम्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. बऱ्याच पॉलिसींमध्ये ठराविक तारखेपर्यंत ठराविक अक्षांशाच्या खाली बोट नेता येत नाही, नेली तर वादळाचं नुकसान भरून मिळत नाही. निघायच्या आधी विमावाल्याकडून तारीख आणि रेषा दोन्ही लेखी घ्या.

आणि व्हर्जिनियात १० अश्वशक्ती किंवा त्याहून मोठं इंजिन चालवायला बोटिंग सेफ्टीचा कोर्स लागतो. फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ला किंवा नंतर जन्मलेल्यांना त्याचं कार्ड लागतं. चाक दोघं हातात घेणार असाल तर कोर्स दोघांनी करा.

जलपर्णी
बापरे, विम्याचं डोक्यातच नव्हतं. नवरा म्हणतोय चार्ल्स्टन म्हणजे निम्मी हार. समजूत काढते. सुरुवातीला डिस्मल स्वॉम्पच्या कालव्यातून जावं की दुसऱ्या वाटेने? फोटो तर फार सुंदर दिसतात.

खारे_शेंगदाणे
सुंदर आहेच. १८०५ला खुला झालेला कालवा, झाडांमुळे पाण्याला काळ्या चहाचा रंग, दोन्ही बाजूंनी फांद्या वाकलेल्या. दोन टोकांना दोन लॉक (बोट वरखाली करणारे पाण्याचे दरवाजे). खोली जेमतेम सहा फूट, तुम्हाला पुरेल, पण तळाशी बुडालेले ओंडके असतात आणि कधीकधी हिरवी बारीक पानं पाण्यावर इतकी दाटतात की इंजिनाच्या थंड पाण्याची गाळणी तुंबते. तापमानाच्या काट्यावर डोळा हवा. दुसरी वाट ग्रेट ब्रिज लॉकवरून. रुंद, खोल, थोडी कंटाळवाणी. पहिल्याच दिवशी नवी बोट आणि एकच इंजिन, मी असते तर हीच धरली असती. कालव्याची हौस असेलच तर लॉक आणि पूल चालू आहेत का हे आधी बघून घ्या. दुरुस्तीसाठी बंद राहतात, आणि एकदा आत शिरलात की परतच यावं लागतं.

सुकती_भरती
मंदगतींनी चार्ल्स्टनला थांबवलंय ते उत्तम, कारण खरी परीक्षा त्याच्या पुढे आहे. जॉर्जियात भरती-सुकतीचा फरक सात ते नऊ फूट. आम्ही लिटल मड रिव्हरमध्ये उतरत्या पाण्यात शिरलो, 'साडेतीन फुटांची तर बोट' असं म्हणत. नावातच चिखल आहे हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं! बसली ती बसलीच. पाणी निघून गेलं, बोट कलली, कपाटातले डबे खाली आले आणि आम्ही सहा तास तिरकं बसून पुढच्या भरतीची वाट पाहिली. तेव्हापासून नियम: उथळ जागी चढत्या पाण्यातच जायचं. रुतलंच तर पाणी वर उचलून सोडवतं.

तुमच्या टप्प्यात नॉर्थ कॅरोलिनाच्या साउंडमध्ये उलटी गंमत आहे. तिथे पाणी वाऱ्याने चढतं-उतरतं, चंद्राचा फारसा संबंध नाही. भरतीचं कोष्टक बघून फसू नका.

ठिपका
टोइंगची (अडकलेली बोट ओढून नेणाऱ्या सेवेची) मेंबरशिप घ्या. आधी ती, मग शोभेचे फेंडर (बोटीला घासण्यापासून वाचवणाऱ्या गाद्या).

जलपर्णी
😄 घेतली. आता मुख्य प्रश्न, मरिना निवडायची कशी? रिव्ह्यूंमध्ये सगळे शॉवर आणि लाँड्रीबद्दलच लिहितात.

मंदगती
शॉवर शेवटी बघा. फोनवर हे विचारा: धक्का तरंगता की पक्का? तरंगता असेल तर पाण्याबरोबर बोटही वरखाली होते, दोर एकदा बांधून निवांत झोपता येतं. पक्का असेल तर दोर लांब सोडावे लागतात आणि ओहोटीत शिडी चढून वर जावं लागतं. दुसरं: धक्क्यावरून पाण्याची ओढ किती, आणि ती कुठल्या वेळी थांबते? चार्ल्स्टनला नदीची ओढ जबरदस्त आहे. मी पहिल्यांदा आडव्या ओढीत जागेत शिरायला गेलो आणि शेजारच्या बोटीच्या रेलिंगला मिठी मारली. तिचा मालक कॉफीचा कप हातात घेऊन बघत होता. आता पाणी शांत व्हायची वेळ आधी काढतो आणि मगच मुक्कामाचं गाव ठरवतो. नवखे असाल तर आतल्या गल्लीतली जागा नको, बाहेरचा लांब सरळ धक्का मागा. तिसरं: तिथे कमीत कमी पाणी किती, आणि वीज ३० अँपिअरची आहे का?

भाडं बोटीच्या लांबीच्या फुटावर. आम्हाला रात्रीचे फुटामागे दोन ते तीन डॉलर पडले, विजेचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. शौचाची टाकी जागा मिळेल तिथे रिकामी करून घ्या, आतल्या पाण्यात सोडायला बंदी आहे.

माझे मुक्काम (कंसात मैल): कॉइनजॉक (५०), बेलहेवन (१३६), ओरिएंटल (१८१), बोफर्ट (२०४). कॉइनजॉक ते बेलहेवन ८६ मैल. आल्बेमार्ल ओलांडल्यावर अ‍ॅलिगेटर नदीच्या तोंडाशी एखादी जागा मिळाली तर तोडा, नाहीतर उजाडायच्या आत चहा झालेला असू दे. बोफर्टला एक दिवस पाय मोकळे करा. पुढे कॅम्प लेज्यून हा लष्करी तळ, तिथे गोळीबाराचा सराव असला की वॉटरवे काही वेळ बंद ठेवतात. मग राइट्सव्हिल बीचचा पूल, बंद असताना खाली २० फूट. तुमचा मास्ट (डोलकाठी) पाडून उंची मोजा, बहुधा न थांबता जाल. मर्टल बीचच्या अलीकडे 'रॉक पाइल', दोन्ही काठांना खडक. मध्यातून जा आणि शिरण्याआधी रेडिओवर पुकारा करा, समोरून बार्ज (मोठा मालवाहू तराफा) आला तर बाजूला व्हायला जागा नाही. त्यानंतर वाकामॉ नदी लागते. तिथे वेग कमी करा, घाई असली तरी.

सुकती_भरती
पाण्यातल्या वाट दाखवणाऱ्या खुणांबद्दल एक. दक्षिणेला जाताना पिवळा त्रिकोण उजव्या हाताला, पिवळा चौकोन डाव्या हाताला. जिथे समुद्राचं तोंड आडवं येतं तिथे लाल-हिरव्या रंगांची अदलाबदल होते आणि भलेभले वाळूत जातात. अशा वेळी खुणेवरचा पिवळा आकारच खरा. पुलावाल्याशी बोलायला व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात रेडिओचं चॅनेल १३, साउथ कॅरोलिनापासून खाली ९.

जलपर्णी
सगळ्यांचे मनापासून आभार. विमावाल्याला फोन झाला, त्याने चार्ल्स्टन चालेल असं सांगितलं, लेखी उद्या देतोय. बाहेरचा धक्का मागितला तर पलीकडून बाई हसून म्हणाल्या, "पहिलीच वेळ ना?" नवरा मास्ट मोजायला गेलाय. बेलहेवनचा दिवस मात्र मी दोन दिवसांत तोडतेय, चहा उजाडल्यावरच होईल.