किडनीची गाठ मोठ्या शिरेत गेलीये, तरी ऑपरेशन?

गोंधळलेला_मुलगा: बाबांच्या उजव्या किडनीत गाठ निघाली, सीटीच्या रिपोर्टात लिहिलंय की ती रीनल व्हेनमधून (किडनीच्या शिरेतून) आयव्हीसीत (हृदयाकडे जाणाऱ्या पोटातल्या मोठ्या शिरेत) शिरलीये, लेव्हल २. डॉक्टर म्हणतात किडनी आणि शिरेतला भाग एकदमच काढू. पण कॅन्सर रक्तात गेला म्हणजे पसरलाच ना? मग एवढी चिरफाड कशाला? वर सीटी झालेला असताना परत एमआरआय सांगितलाय.

ओटीवाली: नाही हो, शिरेत शिरणं वेगळं आणि लांब पसरणं वेगळं. गाठ शिरेतून जिभेसारखी वर सरकते, बऱ्याचदा भिंतीला चिकटलेली पण नसते. फुफ्फुसात किंवा लांब कुठे काही नसेल तर ही स्टेज ३ धरतात, ४ नाही. लेव्हल २ म्हणजे टोक लिव्हरच्या शिरांच्या खाली आहे. आधी किडनीची धमनी बांधतात, मग आयव्हीसीला खालून, वरून आणि डाव्या किडनीच्या शिरेला क्लॅम्प (रक्त अडवणारे चिमटे), शीर उभी उघडून तो लांबोळका तुकडा बाहेर काढतात आणि बारीक दोऱ्याने शिवतात. ते क्लॅम्प लावायच्या आधी कोणी शिरेला फार हलवत नाही, तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर टेबलावरच गडबड. एमआरआय टोक नेमकं कुठंय ते बघायला, आणि हे टोक वाढत राहतं म्हणून ऑपरेशनच्या अगदी जवळचाच फोटो लागतो.

काकूची_भाची: आमच्या काकूचं लेव्हल ४ होतं, थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत. हार्टवाले सर्जनपण होते, बायपास मशीनवर घेऊन शरीर थंड करून रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवलं होतं, ऐकूनच हातपाय गळाले होते आमचे. तुमच्या बाबांना बहुतेक एवढं लागणार नाही, पण टीमने असली ऑपरेशनं किती केलीत ते बिनधास्त विचारा, राग आला तर येऊ दे.

गोंधळलेला_मुलगा: रक्त पातळ करायच्या गोळीने विरघळणार नाही का ते?

ओटीवाली: कॅन्सरचा भाग नाही विरघळत. त्याच्या खाली साधी रक्ताची गुठळी धरलेली असेल तर तिच्यासाठी देतात कधीकधी, पण ते डॉक्टरच ठरवतील. पाय सुजतात का त्यांचे?

गोंधळलेला_मुलगा: हो, दोन्ही. महिनाभर मी मीठ कमी करा म्हणून मागे लागलोय आणि आई रोज रात्री पाय चोळून देते.

ओटीवाली: चोळणं आजपासून बंद, गुठळी असेल तर सुटायची. आणि सुजेचं उद्याच कळवा डॉक्टरांना, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत.